बनियनचा दुसरा थर : एका शस्त्रक्रियेआधीचं आणि नंतरचं प्रकरण

हे प्रकरण ज्याचं आहे त्याला इथे संदीप म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी मागितली तेव्हा त्याने एकच अट घातली : "मॅडम, विहिरीचं मात्र लिहा." म्हणून विहिरीपासूनच सुरुवात करते.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात आणि दोन-तीन वर्षांत डबा सुटून काठावरून सूर मारायला लागतात. संदीपही शिकला. तेराव्या वर्षी त्याची छाती वाढायला लागली. त्या उन्हाळ्यात कुणीतरी विहिरीच्या काठावरून "वैनी आल्या, वाट सोडा" असं ओरडलं आणि सगळे हसले. संदीप पाण्यातून बाहेर आला, ओल्या अंगावर शर्ट चढवला आणि त्यानंतर आठ वर्षं विहिरीत उतरला नाही.

वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना असं थोडंफार होतं. स्तनाग्रामागे बोराएवढी गाठ येते, दुखते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. संदीपची जिरली नाही. घरात हा विषय कुणी काढला नाही. वडील, आप्पा, जुने पैलवान. बैठकीच्या खोलीत त्यांची गदा अजून टांगलेली आहे. संदीपला त्यांनी सहावीत तालमीत घातलं होतं, आठवीत त्याने तालीम सोडली. का सोडली हे आप्पांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

बारावीनंतर तो पोलीस भरतीच्या तयारीसाठी तालुक्याच्या एका अकॅडमीत राहायला गेला. धावण्यात चांगला, लेखी परीक्षेत बरा. पण भरतीच्या दिवशी उंची आणि छाती मोजतात. पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढावी लागते, आणि ही मोजणी सगळ्यांसमोर, शर्ट काढून होते. पहिल्या भरतीला संदीप पहाटे मैदानाच्या गेटपर्यंत गेला आणि परत फिरला. घरी सांगितलं, धावताना पाय मुरगळला.

मी समुपदेशन करते. माझ्याकडे तो आला तो मिरजेतल्या एका प्लास्टिक सर्जनच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीत एकच ओळ होती : "शस्त्रक्रियेआधी एकदा बोलून घ्यावं." मे महिना होता, पंखा गरम हवा फेकत होता, आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरमधून एकावर एक चढवलेल्या दोन बनियनांचे गळे दिसत होते.

अडचण नेमकी कोणती

सर्जनच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. तपासणीत दोन्ही बाजूंना खरी ग्रंथी हाताला लागत होती, मध्यम श्रेणीची. संप्रेरकं, थायरॉइड, यकृत यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करून घेतली होती, सगळं ठीक होतं. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं की हा मुलगा शस्त्रक्रियेने समाधानी होईल का.

हा प्रश्न वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही. स्वतःच्या शरीरातल्या नगण्य किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषाने माणूस दिवसच्या दिवस पछाडलेला असेल, तर त्याला देहरूप-विकृती म्हणतात, म्हणजे बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. डीएसएम-५ या २०१३ च्या वर्गीकरणात तो मंत्रचळाच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओसीडीच्या, जवळच्या आजारांत धरला आहे. असे लोक कॉस्मेटिक सर्जनकडे सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त येतात, आणि शस्त्रक्रियेने त्यांचं दुखणं बहुधा कमी होत नाही. एक तर टिकून राहतं, नाहीतर दुसऱ्या अवयवावर सरकतं. त्यांना औषधं आणि वर्तनोपचार लागतात, सुरी लागत नाही.

संदीप त्यात बसत नव्हता. दोष खरा होता, बघणाऱ्याला दिसत होता. आरशासमोर तो तासन्‌तास उभा राहत नव्हता, उलट आरसा टाळत होता. पण "ऑपरेशननंतर काय बदलेल?" या प्रश्नाला त्याने एका शब्दात उत्तर दिलं : "सगळं."

हे उत्तर ऐकलं की मी पेन खाली ठेवते.

आत्मसन्मान मोजायला रोझेनबर्ग यांची १९६५ची दहा विधानांची प्रश्नावली आम्ही वापरतो. ० ते ३० गुण असतात आणि १५ च्या खाली गेले की आत्मसन्मान कमी धरतात. संदीपला ११ मिळाले. विशेष म्हणजे ज्या विधानांवर त्याचे गुण गेले त्यांत शरीराचा उल्लेखही नाही. आपल्याला अभिमान वाटावा असं आपल्यात फारसं काही नाही, या अर्थाच्या विधानावर त्याने लगेच खूण केली आणि वर मान केली नाही.

अजून एक गोष्ट पहिल्या भेटीत निसटली असती. सर्जनने "काही गोळ्या, इंजेक्शनं घेतोस का?" असं विचारलं होतं, पण आप्पा शेजारी बसले होते. उत्तर होतं, नाही. माझ्याकडे आप्पा बाहेर बाकावर बसले आणि मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. अकॅडमीजवळच्या जिममधल्या एकाने "छाती टाइट होईल" म्हणून गोळ्या दिल्या होत्या. दोन महिने घेतल्या. टाइट काही झालं नाही, गाठ दुखायला मात्र लागली. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता : ॲनाबॉलिक स्टेरॉइड. ज्या गोष्टीने हा त्रास वाढतो, नेमकी तीच त्याने तो त्रास घालवायला घेतली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, थांबणं. गोळ्या बंद करून काही महिने वाट पाहणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यकच होतं. पण आठ वर्षांची गाठ तंतुमय झालेली असते, ती पूर्ण जिरेल ही आशा नव्हती.

दुसरा, औषधं. टॅमॉक्सिफेनसारखं औषध सुरुवातीच्या महिन्यांत उपयोगी पडू शकतं, इतक्या जुन्या गाठीवर फारसं नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

तिसरा, व्यायाम. गावातल्या प्रत्येकाने हाच सांगितला होता : "जोर मार, बैठका काढ, उतरंल." चरबी उतरते, ग्रंथी उतरत नाही. जोर मारून खालचा स्नायू वाढला की वरची गाठ आणखी पुढे येते. त्याने सहा महिने रोज दोनशे जोर मारले होते आणि उतरलं नाही याचा दोष स्वतःच्या आळसाला दिला होता. "तुझी काही चूक नाही, ही गाठ व्यायामाने जात नाही," असं सर्जनने सांगितलं तेव्हा तो रडला. माझ्या मते या प्रकरणातला पहिला उपचार ते वाक्य होतं, आणि त्याचं बिल झालं नाही.

चौथा, फक्त लायपोसक्शन. पुण्यातल्या एका क्लिनिकची इन्स्टाग्रामवरची जाहिरात त्याने आणली होती : एका दिवसात सुट्टी, चाळीस हजार, हप्त्याची सोय. स्वस्त होतं, पण खरी ग्रंथी असताना नुसती चरबी ओढली तर गाठ तशीच राहते.

पाचवा, चरबी ओढून ग्रंथीही काढणं, स्तनाग्राभोवतीच्या काळसर कडेवर छोटा छेद घेऊन. खर्च ८५ हजार. विमा कंपनीने "सौंदर्यासाठी" म्हणून नकार दिला. त्यामुळे हा पर्याय उसाच्या बिलावर अवलंबून होता.

आणि सहावा, ज्याबद्दल आमच्यातच मतभेद झाले : आधी समुपदेशन, मग शस्त्रक्रिया. सर्जनचं म्हणणं, "दोष खरा आहे, काढून टाकू, मन आपोआप ताळ्यावर येईल." माझं म्हणणं, "सगळं" असं उत्तर देणाऱ्याला थेट टेबलावर घेऊ नये. माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली स्वतःच्या अनुभवावरून लिहून ठेवलं आहे की चेहरा बदलल्यावर काही रुग्णांचं आयुष्य पालटतं, आणि काही जण नवा चेहरा घेऊनही जुन्याच चेहऱ्याने जगत राहतात. संदीप कोणत्या गटात जाईल हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं. गोळ्या बंद करून सहा महिने थांबायचंच होतं. म्हणून ते सहा महिने मला मिळाले.

शस्त्रक्रियेआधी काय केलं

पाच भेटी झाल्या. तिसरी सगळ्यांत कामाची ठरली. शंभर पानी वहीच्या मधल्या पानावर उभी रेघ मारायला लावली. डावीकडे ऑपरेशनने होईल ते, उजवीकडे ऑपरेशनने होणार नाही ते. आधी त्याने सगळ्या नऊ गोष्टी डावीकडे लिहिल्या. मग एकेक गोष्ट घेऊन बोललो. टी-शर्ट घालणं डावीकडेच राहिलं. छाती मोजून घेणं डावीकडे राहिलं, पण पुढे त्याने स्वतःच प्रश्नचिन्ह काढलं. भरती होणं उजवीकडे गेलं. मित्र होणं उजवीकडे. लग्न जमणं उजवीकडे, जरा कुरकुरत. नववी ओळ होती, "आप्पांनी चारचौघांत माझी ओळख करून द्यावी." तो बराच वेळ पेन फिरवत बसला आणि शेवटी ती रेघेवरच लिहिली, दोन्हींच्या मधोमध.

सहा महिन्यांत दुखणं गेलं, गाठ राहिली. गुण १३ झाले. शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

त्या सकाळी एक घोळ झाला. शस्त्रक्रियेआधी कमरेवरचं उघडं अंग चार बाजूंनी फोटोत घेतात. नोंदीसाठी ते लागतंच. हे त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कर्मचाऱ्याने दार अर्धवट उघडं ठेवून "शर्ट काढा, भिंतीला उभं राहा" म्हटलं. संदीप शर्टाच्या बटणावर हात ठेवून दहा मिनिटं तसाच उभा राहिला आणि मग चपला घालून जिन्यापर्यंत गेला. त्याला आप्पांनी थांबवलं. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. परत आले तेव्हा आप्पांनी दार लावून घेतलं, दाराला पाठ टेकून उभे राहिले आणि कर्मचाऱ्याला म्हणाले, "आता काढा फोटू."

शस्त्रक्रिया दीड तासाची, भूल देऊन. संध्याकाळी घरी. नवव्या दिवशी डाव्या बाजूला पाणी साठलं, ते सुईने काढलं. असं होतं, त्यात काही गंभीर नव्हतं. सहा आठवडे प्रेशर जॅकेट, म्हणजे छाती दाबून धरणारं घट्ट बनियन, घालायचं, महिनाभर धावायचं नाही, जड उचलायचं नाही. सर्जनच्या फायलीत शेवटची नोंद आहे : "निकाल उत्तम, रुग्ण समाधानी."

माझ्या फायलीत त्या काळातली नोंदच नाही. शस्त्रक्रिया झाली, माझं काम संपलं, असं मी धरलं होतं.

तिसरा महिना

तो तपासणीला आला होता आणि जाता जाता माझ्याकडे डोकावला. थंडीचे दिवस होते, म्हणून आधी लक्षात आलं नाही. बसल्यावर कॉलरमधून फिकट जांभळट रंगाची कड दिसली : प्रेशर जॅकेट. त्यावर बनियन, त्यावर शर्ट.

सहा आठवड्यांचं जॅकेट तो चौदाव्या आठवड्यातही घालत होता. रात्री धुवायचा, सकाळी ओलसरच चढवायचा. काढ म्हणून त्याला सांगितलेलं होतं, काढलं का हे कुणी विचारलं नव्हतं. खांदे अजून पुढे झुकलेले, हात छातीवर घडी. दोन बनियनांची जागा एका वैद्यकीय बनियनने घेतली होती, आणि डॉक्टरांनीच दिलेलं असल्यामुळे त्याची लाजही वाटत नव्हती.

गुण पुन्हा मोजले : १२. शस्त्रक्रियेआधीपेक्षा एकाने कमी.

दुसरी गोष्ट त्याहून काळजीची होती. डाव्या स्तनाग्रामागे किंचित खळगा आला होता. ग्रंथी थोडी जास्त निघाली की असं होतं. मला तो दाखवूनही नीट दिसला नाही, कडेने उजेड पडला तेव्हा दिसला. संदीपच्या मोबाइलमध्ये मात्र त्या खळग्याचे तीनशेच्या वर फोटो होते, रोजचे. जो मुलगा आठ वर्षं आरसा टाळत होता तो आता दिवसातून पंधरा वेळा मोबाइल छातीजवळ नेत होता. लेन्स इतकी जवळ नेली की मधला भाग मोठा आणि कडा लहान दिसतात. सेल्फीत नाक मोठं दिसतं तेही यामुळेच. हे त्याला पट्टी आणि मोबाइल घेऊन टेबलावर दाखवलं.

दुसऱ्यांदा सुरी?

सर्जन तयार होते. पोटावरची थोडी चरबी घेऊन खळग्यात भरायची, तासाभराचं काम, पैसेही घेणार नव्हते. आप्पाही तयार होते : "एवढं झालंय तर होऊन जाऊ दे." संदीप तर तारीख विचारत होता.

मी विरोध केला. कारण तांत्रिक होतं आणि तांत्रिक नव्हतंही. व्रण मऊ व्हायला आणि सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं, तीन महिन्यांच्या खळग्यावर निर्णय घेणं घाईचं होतं. शिवाय त्या घडीला खळगा बुजवला असता तर आम्ही त्याला हेच शिकवलं असतं की बेचैनी आली की फोटो काढायचा आणि फोटोत काही दिसलं की डॉक्टरकडे जायचं. पहिल्या वेळी तो देहरूप-विकृतीत बसत नव्हता, आता त्या उंबऱ्याकडे निघाला होता. सर्जनबरोबर अर्धा तास वाद झाला. एका मुद्द्यावर त्यांनी मान्य केलं : वर्ष पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि तोवर त्याने आठवड्याला माझ्याकडे यायचं.

मग उलट्या क्रमाने कामाला लागलो. आधी फोटो. एकदम बंद केले नाहीत. आठवड्यातून एक, हात लांब ठेवून, एकाच भिंतीसमोर. दुसऱ्या महिन्यात त्याला स्वतःलाच कंटाळा आला. मग जॅकेट : आधी रात्री काढायचं, मग घरात, मग अकॅडमीत. खांद्यांसाठी फिजिओथेरपिस्ट. आठ वर्षं वाकलेल्या पाठीला सरळ हो म्हणून ती होत नाही. आणि एक शिडी, आठ पायऱ्यांची. एका बनियनवर अंगणात दूध काढणं ही पहिली, टी-शर्ट घालून चहाच्या गाड्यावर दहा मिनिटं उभं राहणं ही तिसरी, न्हाव्याकडे शर्ट काढून बसणं ही पाचवी. आठवी पायरी कोणती हे मला लिहावंच लागलं नाही, त्याने लिहून आणली होती.

चहाच्या गाड्यावर तो चार वेळा गेला. चौथ्या वेळी येऊन म्हणाला, "कुणी बघतच नाही वो मॅडम." आवाजात आनंद नव्हता, जरा रागच होता. आठ वर्षं कुणासाठी लपलो, असा.

निष्पत्ती

आठव्या महिन्यात भरती लागली. छाती मोजली : ८४, फुगवून ९०. मोजणाऱ्या हवालदाराने आकडे ओरडून सांगितले आणि पुढच्याला बोलावलं, एवढंच. मैदानी ५० गुणांत संदीपने चांगले मिळवले. लेखी १०० गुणांच्या परीक्षेत मागे पडला आणि यादीत नाव आलं नाही. मला भीती होती की आता पुन्हा छातीवर खापर फुटेल. तो म्हणाला, "गणितात गेलो." हे वाक्य मी फायलीत लिहून ठेवलं आहे.

पंधराव्या महिन्यात गुण १९. खळगा आहे तसाच आहे. वर्ष झाल्यावर सर्जनने आठवणीने विचारलं, संदीपने "बघू ऊस गेल्यावर" म्हणून टाळलं आणि नंतर विषय काढला नाही.

आप्पांच्या ओळीचं काय झालं, ते नक्की सांगता येत नाही. यात्रेच्या कुस्त्यांना ते त्याला घेऊन गेले आणि आखाड्याजवळ कुणीतरी विचारल्यावर "आमचं थोरलं" म्हणाले, एवढं संदीपने सांगितलं. ऑपरेशन झालं नसतं तरी नेलं असतं का, हे त्याला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

आज हेच प्रकरण आलं तर

पहिल्या भेटीत आप्पांना बाहेर बसवलं ते बरोबर होतं. पण त्यांना एकदाही स्वतंत्र बोलावलं नाही, ही माझी चूक. दाराला पाठ टेकून उभा राहणारा बाप आम्हाला सहा महिने आधी भेटायला हवा होता.

फोटोची कल्पना आता आधीच्या भेटीत देतो, दार लावूनच काढतो आणि सोबत कोण हवं ते रुग्णाला विचारतो. ही सुधारणा फुकटात झाली.

समुपदेशनाच्या भेटी आता उलट वाटून घेतल्या आहेत : तीन आधी, पाच नंतर. फी एकरकमी आधीच घेतो, कारण शस्त्रक्रियेनंतर "आता कशाला?" म्हणून कुणी येत नाही. यावर सर्जन अजून कुरकुरतात.

सहा महिने थांबल्याबद्दल मला शंका नाही. पण ते महिने मी अपेक्षांवर घालवले, वहीतल्या रेघेवर. सवयींना हात लावला नाही. खांदे, बनियन, हाताची घडी यांवर तेव्हाच काम सुरू केलं असतं तर जॅकेटमध्ये शिरायला त्याला जागाच उरली नसती. सर्जनला हे पटत नाही. त्यांच्या मते गाठ असताना त्याने बनियन काढलंच नसतं. असेल.

सहाव्या आठवड्याच्या भेटीत मी आता प्रत्येकाला एक प्रश्न विचारते : जॅकेट कुठे आहे? बहुतेक जण म्हणतात, धुऊन कपाटात ठेवलंय.

संदीपचं विहिरीवर आहे. गेल्या मे महिन्यात त्याच्या चुलत्याचं पोर पोहायला शिकत होतं, डबा बांधायला दोरी सापडेना. याने जॅकेटचे बंद कापून दिले आणि पोराच्या मागोमाग स्वतः पाण्यात उतरला. उतरताना लोकांकडे पाठ केली होती, हेही त्याने सांगितलं.